अरुंधती दिसली का?

ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस म्हणजे यशवंत बाबाजी परब. माझ्या बाबांचे वडील, गिरणीत साच्यांवर आयुष्य काढलेला विणकर, माझा आजो. अन्याय कधी झाला तेही सांगते. मी बारावीची परीक्षा दिली त्या वर्षी, चैत्रातल्या अमावास्येला, जेवणं व्हायच्या आधी, नाहूरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, साठ-सत्तर लोकांसमोर आणि माईकवर. करणारी मी. सोबत आमचा गट होता, सोसायटी होती, टाळ्या वाजवणारे होते. पण पत्रक लिहिताना आम्हाला एक गोष्ट शिकवली होती, की कर्ता लपवायचा नाही. ‘अन्याय झाला’ असं लिहिणारा माणूस कुणाला तरी वाचवत असतो. म्हणून लिहिते, मी केला.

आत्ता माझं वय पंचवीस आहे. आठवणी लिहायचं हे वय नाही, असं आई म्हणते. लोक साठीनंतर लिहितात, दात पडल्यावर, सगळे साक्षीदार गेल्यावर. मला तेवढं थांबायचं नाही. उशिरा पोचणाऱ्या गोष्टींनी आमच्या घराचं पुरेसं नुकसान केलंय.

आमचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. आई-बाबा सकाळी आठाला बाहेर, दिवे लागल्यावर परत. मधला सगळा दिवस घर आजो, आजी आणि माझं. सकाळी जाग यायची ती आजीच्या बिडाच्या तव्यावर घावण्याचं पीठ पडल्याच्या ‘चर्र’ आवाजानं आणि त्यावर आजोच्या आवाजानं. आजो मोठ्यानं बोलायचा. साचेखात्यात शेकडो यंत्रं एकदम धडधडत असताना बोलायची सवय लागलेली. मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावर कळायचं. आजी म्हणायची, “हळू बोला हो, मी काय साचो नाय.” तो म्हणायचा, “साचो बरो, गो. तो उलट बोलणा नाय.” मग दोघं हसायची. उन्हाळ्यात दुपारी कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा, आणि भात गरम असला पाहिजे यावरून रोजची एक लढाई. जेवण झालं की आजी गोधडी शिवायला बसायची आणि सुईत दोरा ओवायला आजोकडे द्यायची. हा त्यांचा लग्नापासूनचा रिवाज. तुटलेला धागा चालत्या साच्यावर जोडणारा माणूस, त्याच्यापुढे सुई म्हणजे काय! दोरा जिभेवर ओला करायचा, दोन बोटांत पिळायचा, की आत.

त्या वर्षीच्या होळीनंतर कधीतरी त्यानं सुई परत द्यायला सुरुवात केली. “नेढांच बारीक केल्यानी मेल्यांनी,” तो म्हणाला. कंपन्या पैसे वाचवतात, सुईचं नेढं बारीक करतात, असा त्याचा सिद्धान्त. आम्ही हसलो. तो सिद्धान्त मी आमच्या गटात विनोद म्हणून सांगितलासुद्धा. संध्याकाळी खिडकीत बसून तो म्हणायचा, “दिव्याक खळां पडलाहा बघ.” चंद्राला खळं पडतं तसं त्याला समोरच्या पुलावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडं दिसत होतं. मी म्हणाले, “आजो, ते नवे दिवे आहेत ना, आणि धूळ केवढी आहे हवेत. प्रदूषण आहे ते.” मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर यायचं. दाराच्या चौकटीला त्याचा उजवा खांदा घासायचा, त्याचंही उत्तर होतं: बिल्डरनं दरवाजे अरुंद केलेत.

आता गटाबद्दल. मुलुंडला आम्ही दहा-बारा जण होतो, कॉलेजातले आणि नुकते कॉलेज संपलेले. अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढायची, वस्त्यांत जाऊन प्रयोग करून दाखवायचे, आणि त्या उन्हाळ्यात आमचा मोठा लढा होता तो पुलाशेजारच्या जाहिरातीच्या होर्डिंगविरुद्ध. तो फलक नव्हता, दुसरा सूर्य होता. पडदे लावले तरी आमच्या भिंतीवर कधी साबण, कधी बंगला, कधी नवा मोबाइल लाल-निळा होऊन नाचायचा. पक्षी रात्रभर ओरडायचे. आम्ही निवेदनं दिली, सह्या घेतल्या. पत्रकाचा मजकूर मी लिहायचे, कारण मला छोटी वाक्यं जमायची. गटातल्या मोठ्यांनी मला शिकवलं होतं: पत्रकात ‘कदाचित’ नको, ‘बहुधा’ नको. वाचणाऱ्याच्या हातात कागद अर्धं मिनिट राहतो. त्यात शंका घातलीस तर कागद गटारात. मला हे इतकं पटलं की मी घरातसुद्धा ‘कदाचित’ म्हणायचं बंद केलं.

आजोला ऐंशी पुरी होऊन वर काही महिने झाले होते आणि आजीच्या मनात सहस्रचंद्रदर्शन करायचं होतं. माणसानं आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या की करतात तो सोहळा. भटजी, होम, मग ओवाळणी, कणकेचे दिवे. आजीनं गावाकडच्यांना फोनसुद्धा केले होते. मी म्हटलं, हजार चंद्र पाहिले यात विशेष काय, ते आपोआप दिसतात. त्यापेक्षा मी तुम्हाला एक खरी गोष्ट दाखवते. आणि मी अरुंधतीचं काढलं.

सप्तर्षी सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या शेपटीत मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी लागून एक बारीकसा तारा, ती अरुंधती. लग्नात नवऱ्या मुलीला दाखवतात ती. भर दुपारी लागलेल्या लग्नातसुद्धा भटजी हॉलच्या पत्र्याकडे बोट करतो आणि मुलगी मान हलवते, दिसली. या अरुंधतीचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे ऐंशी वर्षं लागतात. मी दुपारभर आजोला हे समजावून सांगितलं. चंद्राचा उजेड सव्वा सेकंदात येतो, म्हणजे चंद्र जवळपास आत्ताचा दिसतो. सूर्याचा यायला आठ मिनिटं, म्हणजे आपण बघतो तो सूर्य चहा उकळायच्या आधीचा. व्याधाचा तारा आठ-नऊ वर्षांपूर्वीचा. आणि अरुंधती ऐंशी वर्षांपूर्वीची. “तू जन्मलास, आजो, त्या सुमाराला जो उजेड तिथून निघाला, तो इतकी वर्षं चालत चालत या वर्षी आपल्या गच्चीवर पोचतोय. तुझ्या वयाचा उजेड आहे तो.”

आजोनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, “म्हणजे थंय कोण बसान हय बघीत असात, तर तेका मी आता जलामलेलो दिसतलंय?”

“बरोबर! अगदी बरोबर!”

“मगे तेका म्हणा, त्या पोराक आरडान सांग, मोठो झालस काय गिरणीत जाव नको.”

“निरोप उजेडाच्या वेगानं पाठवला तरी इथं यायला ऐंशी वर्षं लागतील, आजो.”

“मगे रवांदे,” तो म्हणाला. “गिरणीच खंय रवली!”

इतकं सुंदर मला कुठल्याही शिक्षकानं विचारलं नव्हतं. मी त्याच दिवशी मजकूर लिहिला: ‘हजार चंद्र नकोत. आपल्या जन्माचा उजेड पाहा.’ गटात सगळे म्हणाले, झकास. नेल्सनकडे दुर्बीण होती. तो भांडुपच्या जुन्या गावठाणातला, घरात मराठी बोलणारं ख्रिस्ती कुटुंब, गळ्यात क्रॉस आणि तोंडात ग्रहतारे. तो म्हणाला, “दुर्बिणीतून मस्त दिसेल यार. होर्डिंग असलं तरी दिसेल. आंधळ्यालाच दिसणार नाही.” हे वाक्य तो अगदी सहज बोलला. त्यालाही आता ते आठवतं.

एक अडचण होती. आजीच्या माहेरी एक समज होता, आणि तो बऱ्याच जुन्या लोकांत असतो. कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी मी दोघांना सहज गच्चीवर नेलं, नुसत्या डोळ्यांनी सप्तर्षी दाखवायला. होर्डिंगच्या उजेडात सातांतले पाच कसेबसे दिसत होते. अरुंधती मलाही दिसली नाही. आजीला दिसण्याचा प्रश्नच नव्हता, तिला मोतीबिंदूमुळे आधीच धूसर दिसायचं. पण आजो म्हणाला, “माका ते पाचय दिसणत नाय गो. आभाळ कसां चुन्यान सारवलेला दिसता.” आजीचा चेहरा उतरला. खाली आल्यावर तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि म्हणाली, “अरुंधती जेका दिसणा नाय, तो सहा म्हयने काढणा नाय.”

मी उसळले. माझ्याच घरात! मी म्हटलं, “आजी, असं असतं तर अख्खी मुंबई कधीच रिकामी व्हायला हवी होती. इथं कुणालाच दिसत नाही ती!” बाबा हसले, आई हसली, आजोही हसला. वाक्य जमलं होतं. ते मी पत्रकात घातलं.

आजी हसली नाही. ती म्हणाली, “तुझा खरा असात बाय. पण उद्याच ह्यांचे डोळे दाखवया. म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात. आणि देवीक नारळ सांगान ठेवया.”

हे वाक्य नीट वाचा. मी ते नीट ऐकलं नाही. दवाखाना आणि नारळ एकाच दमात आले आणि मला फक्त नारळ ऐकू आला. मी दोन्ही एकदम फेटाळले. म्हटलं, “डोळे ठीक आहेत त्याचे, होर्डिंग ठीक नाहीये. आता नारळाचं निमित्त करून त्याला दवाखान्याच्या रांगेत उन्हात उभा करू नकोस. तू घाबरवलंस ना, तर तो उगाच आजारी पडेल.” आजीनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “बघू मे महिन्यात.” आजी स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरात घासायला लागली. आमच्या घरात आजीचा विरोध इतकाच असायचा. तो मला ओळखता यायचा, आणि मला त्या आवाजात जिंकल्यासारखं वाटायचं.

त्यावर मी आणखी एक केलं. होर्डिंगविरुद्धच्या पुढच्या निवेदनात मी लिहिलं: ‘माझ्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना या फलकामुळे आकाशातला एकही तारा दिसत नाही.’ त्याचं न दिसणं मी पुरावा म्हणून वापरलं. माणूस मला सांगत होता की आपल्या डोळ्यांना काहीतरी झालंय, आणि मी त्याच्या डोळ्यांखाली माझ्या मागणीची ओळ लिहीत होते. त्या निवेदनाचं पुढे काय झालं विचाराल, तर होर्डिंग आजही उभं आहे. आता त्यात चित्रं हलतात.

कार्यक्रमासाठी मी अमावास्या ठरवली, कारण चंद्र नसला की आकाश काळं मिळतं. सोहळा आणि तो अमावास्येला! आजीनं दोनदा विचारलं, “पुनव नाय चालात?” मी चंद्रप्रकाश आणि ताऱ्यांचा उजेड समजावून सांगितला. तिनं मान हलवली. त्या दिवशी दुपारी तिनं कणीक भिजवली, त्यात हळद घातली आणि अंगठ्यानं खळगे करून परातभर दिवे बनवले, आजोच्या वयाइतके. प्रत्येकात वात, तुपाचा थेंब. घरात ओल्या कणकेचा आणि तुपाचा वास होता. आजोला तिनं पांढरा लेंगा-शर्ट घालायला लावला, केसांना खोबरेल चोपडलं. तो म्हणाला, “माका काय उजवूक नेतंस?” म्हणजे लग्नाला नेतेस काय. ती म्हणाली, “गप बसा, एक लगीन झाला ता पुरे.”

गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या, टाकीच्या बाजूला नेल्सननं दुर्बीण लावली होती. होर्डिंगच्या बाजूला आम्ही दोन मोठ्या सतरंज्या बांधून आडोसा केला होता आणि त्याचा आम्हाला फार अभिमान होता. माणसं वर येत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या शाहकाकी खाकऱ्यांचा डबा घेऊन आल्या, समोरच्या इमारतीतली मुलं आली, गटातले सगळे आले. आजी परात घेऊन आली, वर ओलं फडकं टाकलेलं. काडेपेटी तिच्या हातात होती. मी धावत गेले. “आजी, आत्ता दिवे नको हं! डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. एक काडी पेटली की सगळ्यांची वाट लागते. नंतर लावू.” तिनं काडेपेटी कमरेला खोचली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर परात मांडीवर घेऊन बसली.

मी माईक घेतला. पाठ केलेलं सगळं बोलले. आपण आकाशात बघतो तेव्हा आत्ताचं काहीच बघत नाही, प्रत्येक तारा आपल्याला त्याची जुनी बातमी सांगतो, जितका लांब तितकी बातमी जुनी. मग पत्रकातला तो मुंबई रिकामी होण्याचा विनोद. लोक खूप हसले. शाहकाकी म्हणाल्या, “साची वात छे, आमाला तर बाजूची बिल्डिंग पण दिसत नाही!” मग मी म्हणाले, “आणि आता आमचे आजोबा, आपल्या जन्माच्या वेळी निघालेला उजेड सगळ्यात आधी आपल्या डोळ्यांत घेतील.”

नेल्सननं त्याला हात धरून दुर्बिणीशी नेलं. “तात्या, इथं डोळा लावा. उजवा. डावा बंद करा हं.” आजोनं विचारलं, “डाव्यान बघू काय?” हे मी ऐकलं. नेल्सन म्हणाला, “उजव्यानं नीट जमेल, स्टँड तसा आहे.” आजो वाकला. खालून कुठल्यातरी घरातली कुकरची शिट्टी आली. तो वाकलेलाच होता. मला वाटलं, भारावलाय. मी माईकमध्ये विचारलं, “आजो, अरुंधती दिसली का?”

त्यानं डोळा आणखी घट्ट लावला.

“दिसली का, आजो?”

“दिसली,” तो साचेखात्यातल्या आवाजात म्हणाला.

“कशी दिसते?”

“एकटीच आसा,” तो म्हणाला. “पण बरी आसा.”

टाळ्या पडल्या. गटातल्या एकीनं फोटो काढला, तो वाकलेला असतानाचा, पांढरा शर्ट, डोळा दुर्बिणीला. मला रडू येत होतं, आनंदानं. मग रांगेतल्या पहिल्या शाहकाकी पुढे झाल्या. दुर्बिणीला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी डोळा लावला आणि किंचाळल्याच: “अरे वा, तीन छे! दोन चिटकलेले आणि एक बाजूला! केवढे चमकतात!”

कारण दुर्बिणीतून वसिष्ठाचे दोन तारे होतात आणि शेजारी अरुंधती. तीन. ठसठशीत. मला हे पाठ होतं. तिथं कुणालाही ‘एकटीच’ दिसू शकत नव्हती. नेल्सननं माझ्याकडे पाहिलं. मी माईक दुसऱ्या हातात घेतला. तेवढ्या अंधारात मला आजी दिसली, परात मांडीवर, दोन्ही हात परातीवर. ती टाळ्या वाजवत नव्हती.

मी म्हणाले, “चला, पुढचे कोण? रांगेत या, ढकलाढकली नको.”

हाच तो अन्याय. त्याचं मोठं नाव नाही. एक माणूस सगळ्यांसमोर खोटं बोलला, मला ते कळलं, आणि मी पुढच्याला बोलावलं. त्याला बाजूला घेऊन विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं, एका पत्रकाइतकं. पण कार्यक्रम झकास चालला होता. रांग संपेपर्यंत बराच उशीर झाला, लोक जेवायला गेले, आणि दिवे लावायचे राहिले. दुसऱ्या दिवशी आजीनं ते वाफवले आणि आम्ही गूळ-तूप घालून खाल्ले. चांगले लागले. हेही मला आठवतं, की चांगले लागले.

त्यानंतर मी घरात काही बोलले नाही. मनात उत्तरं तयार केली: तो दमला असेल, डोळा नीट लागला नसेल, पापणी मिटली असेल. फोटो पत्रकावर गेला, पत्रक फोनवर गेलं, ‘ऐंशी वर्षांच्या आजोबांनी पाहिला आपल्या जन्माचा उजेड’ म्हणून अनोळखी लोक मला तो पाठवायला लागले. मे महिना आला आणि गेला. बाबांनी ‘बघू’ म्हटलं होतं ते मीही विसरले नव्हते, तेही विसरले नव्हते. कुणी काढलं नाही, एवढंच. आजीनं पुन्हा दवाखान्याचा शब्द काढला नाही. मी तिला इतकं पक्कं हरवलं होतं.

गणपतीच्या आधी एका दुपारी आजोचं डोकं दुखायला लागलं. उलट्या झाल्या. पित्त म्हणून कोकमाचं सार दिलं. संध्याकाळपर्यंत उजवा डोळा जास्वंदीसारखा लाल. मग दवाखाना. डोळ्यांच्या विभागातली डॉक्टर माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. तिनं डोळ्यातला दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि खुर्ची ओढून आमच्यासमोर बसली. काचबिंदू. आतला दाब वाढत जातो, मागची नस हळूहळू मरते, आणि मेलेली नस परत येत नाही. उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डावा कडेकडेनं खाल्लेला, तो वाचवायचा प्रयत्न करू.

“दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती का कधी?” तिनं विचारलं.

“होय तर,” आजो म्हणाला. “खळां पडायचा.”

मी विचारलं, “एप्रिलमध्ये आणलं असतं तर?”

ती म्हणाली, “तेव्हा आणलं असतं तर काहीतरी राखता आलं असतं. किती, ते मी सांगू शकत नाही.” ती एक चांगली डॉक्टर होती. तिला ‘सांगू शकत नाही’ म्हणता येत होतं.

बाबा औषधं आणायला गेले. बाकावर आजो, मध्ये मी, पलीकडे आजी. मी त्याला विचारलं, “त्या दिवशी तुला काहीच दिसलं नव्हतं ना?”

“काळोख होतो,” तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

“मग ‘दिसली’ असं का म्हणालास?”

“तुझो माईक चालू होतो मां, चेडवा.”

आजी पलीकडून म्हणाली, “आणि तेंका वाटला, दिसली नाय म्हटला तर मी भियातलंय.” म्हणजे मी घाबरेन. एवढंच. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य तिच्या हक्काचं होतं. ते तिनं आजपर्यंत वापरलेलं नाही. वापरलं असतं तर बरं झालं असतं.

माझं म्हणणं खरं ठरलं हे इथं नोंदवायला हवं. अरुंधती न दिसलेला माणूस सहा महिन्यांत मेला नाही. सात वर्षं झाली, आजो जिवंत आहे. डाव्या डोळ्याला नळीतून बघितल्यासारखं थोडंसं दिसतं. आजी रोज सकाळ-संध्याकाळ त्यात थेंब घालते, आणि सुईत दोरा आता मी ओवते. समज खोटा होता. पण त्या खोट्या समजामुळे आजी त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेणार होती, आणि माझ्या खऱ्या विज्ञानामुळे तो तिथं वेळेत पोचला नाही. मी अजूनही पत्रकं लिहिते, बुवाबाजीशी अजूनही भांडते, आणि भांडणारच. फक्त आता समोरची बाई नारळाबद्दल बोलायला लागली की मी तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकते. नारळाच्या अलीकडे-पलीकडे काय आहे ते बघते. आणि पत्रकात ‘कदाचित’ लिहिते. कागद गटारात गेला तरी चालेल.

तो फोटो अजून येतो. दर उन्हाळ्यात कुणीतरी पाठवतं, खाली हात जोडलेले. त्यात आजो वाकून आपल्या जन्माचा उजेड बघतोय. बघणाऱ्यांना तो तसाच दिसत राहील, कारण त्यांच्यापर्यंत जुनी बातमीच पोचलीये. आणि आम्ही तरी काय वेगळं केलं? आम्ही एका टेबलावर जेवत होतो, तरी आम्हाला दिसत होता तो चालत्या साच्यावर धागा जोडणारा आजो. समोर बसलेला, खळं बघणारा, चौकटीला घासणारा आजो आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्या अमावास्येच्या गच्चीवरून निघालेला उजेड आत्ता कुठं असेल, याचा हिशोब मी कधीकधी करते. सात वर्षं. तो अजून व्याधालासुद्धा पोचलेला नाही. अरुंधतीवरून कुणी बघत असेलच, तर माझा माईक त्याला दिसायला अजून सत्तर-पंचाहत्तर वर्षं आहेत. माझी लाज वाटेत आहे. ती कुणालाही थांबवता येणार नाही.

तुम्हाला मात्र काही थांबवता येईल, म्हणून हे वाचून झाल्यावर हळहळू नका, मला छान लिहिलंय असं कळवू नका. उठा. घरात जो कुणी साठीच्या पुढचा आहे त्याच्यासमोर जाऊन बसा. त्याचा एक डोळा त्याच्याच तळहातानं झाका आणि विचारा. मग दुसरा. ‘दिसतंय का?’ असं विचारू नका. तुमच्यासाठी ते ‘दिसतंय’ म्हणतील. ‘काय दिसतंय?’ असं विचारा, आणि ते सांगेपर्यंत तोंड बंद ठेवा. मग काहीही उत्तर आलं तरी, सगळं स्वच्छ दिसतं म्हणाले तरीही, या आठवड्यात त्यांना डोळ्यांचा दाब मोजायला घेऊन जा. वाटेत त्यांना नारळ घ्यायचा असेल तर घेऊ द्या.